अंतोनचं पाणी

आमच्या घरात शिवी कोणी दिली नाही. पप्पांनी आईवर कधी हात उचलला नाही आणि आत्याचा आवाज तर शाळेत कविता म्हणवून घेणाऱ्या बाईंसारखा, एका पट्टीतला. जे व्हायचं ते बायबलमधून व्हायचं, अध्याय आणि वचन सांगून व्हायचं, आणि म्हणूनच ते कधी संपायचं नाही. शेजारच्या क्वार्टरमधले नवरा-बायको चांगले कडकडून भांडायचे, ताटं आपटायचे, आणि दुसऱ्या संध्याकाळी एकाच स्कूटरवर बसून मांडवीला खरेदीला जायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा. आमच्या ताटांना पोचे नव्हते, पण पप्पांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर आई बसलेली मी क्वचितच पाहिली.

पप्पा बडोद्याला प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. सकाळचा भोंगा झाला की क्वार्टरच्या रस्त्यावरून सायकलींचा लोंढा जायचा, मागे डभोईच्या छोट्या गाडीच्या डब्यांचा खडखडाट चालू असायचा, आणि या सगळ्या आवाजात आत्या ओट्याजवळ पाटावर बसून लसूण सोलत वचनं पाठ म्हणत असे. ती पप्पांची थोरली बहीण, मार्था तिचं नाव. नवरा लवकर गेला, मराठी शाळेत नोकरी केली, निवृत्त झाली आणि आमच्याकडे राहायला आली. घरातलं मोठं बायबल तिच्या उशाशी असायचं. आईचं वेगळं होतं, तिच्या माहेरून आलेलं, जरा जाड. जाड का, तर त्यात काही पुस्तकं जास्त होती. ती पुस्तकं देवाची नव्हेतच असं आत्याचं म्हणणं. ते बायबल आईने पत्र्याच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली ठेवलं होतं.

आई, आग्नेस, कॅथलिक घरातली. नगरकडची. "दोघं ख्रिस्तीच ना, मग कसला फरक," असं म्हणून ज्या नातेवाइकांनी हे लग्न जुळवलं ते लग्नाचं जेवून आपापल्या गावी गेले. लग्न दोनदा लागलं, सकाळी आईच्या चर्चमध्ये आणि संध्याकाळी पप्पांच्या मंडळीत. आमची मंडळी म्हणजे शे-सव्वाशे माणसं. एका मोठ्या हॉलमध्ये जमायची, पाळक नाही, झगा नाही, क्रूससुद्धा नाही. तीन ज्येष्ठ पुरुष सगळं पाहायचे. हॉलच्या मागे सिमेंटचं टाकं होतं, फळ्यांनी झाकलेलं. वयात येऊन, समजून उमजून विश्वास धरलेल्या माणसाला त्या टाक्यात पूर्ण बुडवायचं, तोच काय तो बाप्तिस्मा. तान्ह्या पोराच्या कपाळावर ओतलेलं पाणी ते मोजतच नसत. त्यामुळे आईचा लहानपणचा बाप्तिस्मा त्यांच्या लेखी झालेलाच नव्हता. लग्नानंतर ती टाक्यात उतरेल असं पप्पांनी गृहीत धरलं होतं. ती उतरली नाही. "एकदा झाला तो झाला," एवढंच म्हणायची. सोळा-सतरा वर्षं ती दर रविवारी शेवटच्या बाकावर बसली. प्रभुभोजनाची एक भाकर मोडून ताटातून फिरायची, द्राक्षरसाचा एक प्याला फिरायचा, फक्त बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. ताट शेजारच्या बाईपर्यंत यायचं आणि आईच्या गुडघ्यांसमोरून पुढे जायचं. मी लहान असताना मला वाटायचं, आईला ती भाकर आवडत नसावी.

रविवारी मंडळीतून आल्यावर मटण शिजायचं आणि त्याच्याबरोबर भांडण. एकदाचं भांडण मला शब्दन् शब्द आठवतं. आई कांदा-खोबऱ्याचं वाटण वाटत होती. सकाळी सहाला ती तिच्या चर्चला जाऊन आली होती, ते आत्याला खुपत होतं.

"हे माझं शरीर आहे, असं प्रभू म्हणाला म्हणून तुम्ही ती भाकर म्हणजे शरीरच धरता," आत्या म्हणाली. "मी दार आहे असंही तो म्हणाला. मग काय त्याला कडी होती?"

आईने वाटणावरून हात काढला नाही. "योहानाचा सहावा वाचा, ताई. हे बोलणं कठीण आहे म्हणत लोक सोडून चालले होते. तेव्हा, अहो थांबा, मी आपलं उपमेने बोललो, असं म्हणून त्याने कोणाला परत बोलावलं का?"

"तुझ्या त्या फादरने शिकवलं वाटतं. मत्तय तेवीस, नऊ. पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका."

"मग एस्तेर तुमच्या भावाला पप्पा म्हणते ते कसं चालतं?"

पप्पा पेपर वाचत होते. त्यांनी पेपरची घडी घातली, चपला घातल्या आणि बाहेर गेले. मटण आम्ही तिघींनी खाल्लं, कोणी कोणाला वाढलं नाही.

एस्तेर म्हणजे मी. आणि हे सांगायला हवं की मी आईच्या बाजूची नव्हते. आत्या हुशार होती, तिचं पाठांतर अफाट होतं, आणि ती मला तयार करत होती. मंडळीच्या मुलांमध्ये वचनं म्हणण्यात मी पहिली यायची. थॉमसकाका, मंडळीच्या तीन ज्येष्ठांपैकी सगळ्यात मोठे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "ही पोर येत्या उन्हाळ्यात टाक्यात उतरेल." आईला इतकी वचनं येत नसत. बोर्डिंगमध्ये नन्सनी शिकवलं तेवढंच तिचं भांडवल. ती ओठ हलवत जपमाळ ओढायची तेव्हा मला तिची लाज वाटायची. आता पन्नाशी ओलांडल्यावर हे लिहिताना ती लाज आठवते आणि त्या लाजेचीच लाज वाटते, पण तेव्हा ती खरी होती.

त्या दिवसांत बडोद्यात रोज काहीतरी नवं येत होतं. क्वार्टरच्या गच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, गल्लोगल्ली खासगी दवाखाने निघत होते. आणि आमच्या घरात, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, आईला दिवस गेले. मी दहावीत होते. मला मैत्रिणींसमोर अवघडल्यासारखं व्हायचं. पप्पा मात्र बदलले. शनिवारी येताना आईसाठी शेव-उसळ बांधून आणायला लागले, तिखट कमी घालून. आत्यासुद्धा दोन महिने गप्प होती. मुलगा झाला तर दानिएल ठेवायचं, असं पप्पांनी जाहीर केलं.

मुलगा झाला, पण सातव्या महिन्यात. पोट फाडून काढावा लागला. खासगी दवाखान्यात खालच्या मजल्यावर आई आणि वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत तो. पहिल्यांदा त्याला पाहिलं तेव्हा मी नजर वळवली. तळहातापेक्षा थोडा मोठा, छाती आत-बाहेर होताना बरगड्यांची रेघ न् रेघ दिसायची. आईला पोटावरच्या टाक्यांमुळे उठता येत नव्हतं. तिने त्याला एकदाच, जन्मताना, ओझरतं पाहिलं होतं. ती मला विचारायची, कान कसे आहेत, केस आहेत का. मी सांगायची.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पप्पांना बाजूला घेऊन सांगितलं की फुप्फुसं तयारच झालेली नाहीत. पप्पांनी ते येऊन आईला सांगितलं. ती रडली नाही. ती म्हणाली, "फादरना बोलवा. त्याचा बाप्तिस्मा करू द्या."

"नाही," पप्पा म्हणाले.

"अहो, तो जातोय."

"म्हणून काय खोटं करायचं? आधी विश्वास, मग बाप्तिस्मा. मार्क सोळा, सोळा. त्या जिवाला काय कळतंय?"

"पाण्याने जन्मल्यावाचून देवाच्या राज्यात जाता येत नाही, हे पण प्रभूच म्हणाला."

आत्या खिचडीचा डबा घेऊन उभी होती. तिने डबा खाली ठेवला. "तिथलं पाणी म्हणजे वचन. नळाचं पाणी नाही. पौलाने इफिसकरांना लिहिलंय, वचनरूपी पाण्याने स्नान."

"पौलाने बंदिशाळेच्या नायकाला सगळ्या घरादारासकट बाप्तिस्मा दिला. त्या घरात लेकरं नव्हती?"

"होती असं लिहिलंय का?"

"नव्हती असं तरी कुठे लिहिलंय?"

शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडे टक लावून पाहत होती. तिला काहीच कळत नसणार. मूल मरतंय आणि घरची माणसं कसले आकडे बोलतायत. पप्पा खाटेच्या कडेवर बसले. त्यांचा आवाज जरा उतरला. "आग्नेस, प्रभूने म्हटलंय ना, लेकरांना माझ्याजवळ येऊ द्या. म्हणजे ती तशीच येतात. त्यांना पाणी लागत नाही. तो सरळ जाईल."

आई म्हणाली, "त्याच वचनात पुढे आहे, त्यांना मनाई करू नका. तुम्ही मनाई करताय."

हे मी आयुष्यभर उगाळत आले आहे. एकच वचन. एकाने त्यातून दार उघडं आहे असं ऐकलं आणि दुसरीने तेच दार अडवलं जातंय असं ऐकलं. पुढे मी दोन्ही बाजूंची पुस्तकं वाचली. दोन्हीकडे शहाणी माणसं आहेत, शेकडो वर्षांचे युक्तिवाद आहेत, आणि आत्या म्हणत होती त्यातलं एकही वाक्य तिच्या मनचं नव्हतं. ती अडाणी असती तर मी तिला कधीच माफ केलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पप्पा वर्कशॉपमध्ये रजेचं बघायला गेले आणि आत्या घरी स्वयंपाकाला. आईने माझं मनगट धरलं. तिचा हात तापला होता.

"एस्तू, तू कर."

"काय?"

"जीव जात असला तर कोणीही करू शकतं. फादर लागत नाही. पाणी त्याच्या डोक्यावर ओत, तीनदा. नुसतं बोट ओलं करून लावायचं नाही, पाणी वाहिलं पाहिजे. ओतताना म्हण, अंतोन, मी तुला पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते. एवढंच."

"अंतोन?"

"माझ्या बापाचं नाव."

मी म्हणाले, मला हे करता येणार नाही, हे चूक आहे. तिने वाद घातला नाही. वचन सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "मला उठता येत असतं तर तुला सांगितलं असतं का?"

वर ड्यूटीवर जसुबेन नावाची नर्स होती. मी औषधाच्या बाटलीचं झाकण मुठीत धरून उभी राहिले. तिने विचारलं, "शुं छे?" मी अर्धं मराठी, अर्धं गुजरातीत सांगितलं की आईने सांगितलंय, थोडं पाणी त्याच्या डोक्याला, देवाचं आहे. तिने पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग थर्मासमधलं उकळून कोमट केलेलं पाणी तिने स्वतः झाकणात ओतलं. "देवनुं होय तो करी ले. पण जल्दी." पेटीच्या बाजूला हात घालायला गोल भोक होतं. निम्मं पाणी माझ्याच बोटांवर सांडलं. तीनदा ओतलं. तिसऱ्यांदा पाणी त्याच्या कानामागून खाली गेलं आणि त्याने तोंड वाकडं केलं, रडायला निघाल्यासारखं. आवाज आला नाही. मला पवित्र वगैरे काही वाटलं नाही. आपण पकडले जाणार, एवढंच वाटत होतं. खाली येऊन मी आईला मान हलवून सांगितलं. तिने डोळे मिटले.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

पप्पांनी त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून खाली आईकडे आणलं. तिने त्याला छातीशी धरलं, कान पाहिले, केस पाहिले. पप्पा म्हणाले, मंडळीच्या जागेत खड्डा खणायला माणसं गेली आहेत. तेव्हा आई म्हणाली, "तो तुमच्या जागेत जाणार नाही. तो कॅथलिक आहे. त्याचा बाप्तिस्मा झालाय."

तिने शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नवऱ्याला पाठवून फादरना निरोप दिला होता. ते दारातच उभे होते, साधे, वयस्कर, पांढऱ्या झग्यावर धूळ बसलेले. खोलीत आत्या होती, पप्पा होते, फादर होते, आणि मी भिंतीला टेकून.

"कोणी केला?" पप्पांनी विचारलं.

"मी," आई म्हणाली.

"तू खाटेवरून उठलेली नाहीस," आत्या म्हणाली आणि वळून माझ्याकडे पाहिलं. बाकीचं तिला सांगावं लागलं नाही. ती मला ओळखत होती, तिनेच मला घडवलं होतं.

फादर माझ्याजवळ आले. गुजराती वळणाचं मराठी बोलायचे. "बेटा, खरं सांग. तू पाणी घातलंस? झालं असेल तर हा बाळ आमचा आहे, मी याच्या बापाशी बोलीन. नसेल झालं तर बापाच्या मर्जीविरुद्ध मी याला नेऊ शकत नाही."

पप्पा माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर कदाचित मी बोलले असते. तिथे भीती होती, माझ्याविषयीची. आत्या शांतपणे म्हणाली, "एस्तेर असलं काही करणार नाही."

मी म्हणाले, "मी नाही केलं."

आईने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग तिने कापड पोराच्या तोंडावरून नीट केलं आणि त्याला पप्पांच्या हातात दिलं. फादरनी क्रूसाची खूण केली, आत्याने मान फिरवली. जसुबेनला वरून बोलावलं असतं तर एका वाक्यात निकाल लागला असता, पण तिचं नाव मी घेतलं नाही आणि आईने तर तिला पाहिलंही नव्हतं. पप्पा आणि आत्या रिक्षात बसले, पप्पांच्या मांडीवर ते गाठोडं, आणि मी पुढे ड्रायव्हरच्या सीटच्या कडेवर. मंडळीच्या जागेत थॉमसकाकांनी तेच वचन वाचलं, लेकरांना येऊ द्या. पुरुषांनी वाद्याशिवाय गीत गायलं. दानिएल म्हणून प्रार्थना झाली. आमच्याकडे कबरीवर क्रूस लावत नसत, नावाची पाटी लहान पोरांना लावत नसत. काही वर्षांनी मला ती जागा ओळखता आली नाही.

आई आठवड्याने घरी आली आणि तिने वाद घालणं सोडून दिलं. आत्या वचन टाकायची, आई भाकरी थापत राहायची. आत्या पुन्हा टाकायची, जरा जास्त धारेचं. आई उलथनं घेऊन भाकरी उलटायची. शेव-उसळ बंद झाली. माझ्याशी आई नेहमीसारखं बोलायची, वेणी घालून दे म्हटलं तर घालायची, पण तिने त्या दिवसाविषयी मला काहीही विचारलं नाही, आणि रात्रंदिवस मी त्या प्रश्नाची वाट पाहत होते.

दहावीची परीक्षा झाली, उन्हाळा आला. टाक्यात उतरण्याआधी ज्येष्ठांसमोर साक्ष द्यावी लागे. हॉलमध्ये तीन खुर्च्या, समोर मी उभी, बायकांच्या बाजूला आत्या आणि पुरुषांच्या बाजूला पप्पा. आई आली नव्हती. थॉमसकाकांनी नेहमीचे प्रश्न विचारले, मी नेहमीची उत्तरं दिली, वचनांसकट. शेवटी ते म्हणाले, "प्रभूपासून लपवलेलं काही आहे का, पोरी?" हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. सगळे नाही म्हणत.

मी म्हणाले, "माझ्या भावाचा बाप्तिस्मा मी केला होता. आणि विचारलं तेव्हा नाही म्हणाले."

थॉमसकाका वाईट माणूस नव्हते. ते पुढे वाकले. "तू लहान आहेस. आईने सांगितलं, घाबरून केलंस. ते पाणी होतं, बाप्तिस्मा नव्हता. एवढं तुझ्या तोंडाने म्हण, म्हणजे पुढे जाऊ."

"मला तसं म्हणता येत नाही, काका."

"म्हणजे तो बाप्तिस्मा होता, असं तुझं म्हणणं?"

"ते काय होतं मला माहीत नाही. पण ते काहीच नव्हतं असं मी म्हणणार नाही. एकदा म्हणाले आहे."

पप्पा उठले आणि हॉलच्या बाहेर गेले. त्यानंतर पाच वर्षं, माझं लग्न ठरेपर्यंत, ते माझ्याशी कामापुरतं बोलले. आत्याने जाता जाता माझ्याकडे न पाहता म्हटलं, "आईचीच पोर." तिला ते सगळ्यात खालचं वाटत होतं. आत्या पुढे पुष्कळ जगली. शेवटी तिला दिसेनासं झालं तेव्हा मी तिला वाचून दाखवायला जात असे, कारण दुसरं कोणी नव्हतं. चुकीचं वाचलं की ती डोळे मिटूनच दुरुस्त करायची. तेव्हाही माझ्या मनात तिच्याविषयी मऊ असं काही आलं नाही.

त्या दिवशी मी हॉलवरून एकटी चालत घरी आले. ऊन तापलं होतं, वर्कशॉपची दुपारची सुट्टी झाली होती, आणि मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. मी आईची बाजू घेतली होती. सगळ्यांसमोर घेतली होती. आई स्वयंपाकघरात परातीत कणीक मळत होती. मी दारात उभी राहून तिला सगळं सांगितलं, थॉमसकाका काय म्हणाले, मी काय म्हणाले, पप्पा कसे उठून गेले. ती मळत राहिली. माझं बोलून संपल्यावर तिने हाताला लागलेली कणीक बोटाबोटाने काढली.

"आत्ता सांगून काय झालं, एस्तू?" ती म्हणाली. "तेव्हा सांगितलं असतंस तर तो माझ्या मातीत असता."

मग तिने मला पाणी मागितलं, कणकेसाठी, आणि मी ते दिलं.